भुताचं तोंड कोरणारे घरचे हात



ऑक्टोबर संपत आला की शहरातल्या दुकानांत प्लॅस्टिकचे सांगाडे आणि नारिंगी भोपळे टांगलेले दिसतात. मुलं विचारतात, हे हॅलोविन म्हणजे काय? आज या सजावटीची हकिगत सांगते. तिची सुरुवात दुकानात नाही, शेतात आणि स्वयंपाकघरात झाली.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सुगी संपून हिवाळा लागताना एक जुना सण असे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मेलेली माणसं आणि भुतंखेतं आपल्यात वावरतात, अशी समजूत होती. ख्रिस्ती धर्मात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याच्या आदल्या संध्याकाळला हॅलोविन नाव पडलं. २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस. आपल्या गोव्यातले आणि वसईतले ख्रिस्ती बांधव त्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लावतात.

अंधाऱ्या रात्री भुताला घालवायचं कसं? तिथल्या गरीब घरांत सलगमासारखा कंद असायचा. तो पोखरायचा, डोळे-दात कोरायचे आणि आत मेणबत्ती किंवा निखारा ठेवायचा. आपण पाखरांसाठी बुजगावणं उभारतो, तसंच हे भुतांसाठी! आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या संग्रहालयात डोनेगलमधल्या अशा एका कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. तिचा सुरकुतलेला चेहरा पाहिला की भोपळा अगदी गोड वाटतो.

मग भोपळा आला कुठून? १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. बरीच जण अमेरिकेत पोहोचली. तिथे भोपळे मुबलक, आकाराने मोठे आणि कोरायला सोपे. कंदाची जागा भोपळ्याने घेतली. आपण ज्याचे घारगे करतो तो लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातलाच बरं का!

पुढची पायरी कागदाची. मॅसॅच्युसेट्स राज्यातली डेनिसन कंपनी क्रेप पेपर विकायची. १९०९ साली तिने हॅलोविनसाठी एक पुस्तिका काढली. काळी मांजरं, चेटकिणी, टेबलाची सजावट, मुलांचे पोशाख हे सगळं घरी कसं करायचं, ते अशा पुस्तिकांत दाखवलेलं असे. कागद खपवायचा तर आधी करायला शिकवलं पाहिजे, हे त्या कंपनीने ओळखलं होतं. गटातल्या बायांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

पण ही सजावट नुसती शोभेसाठी नव्हती. त्या रात्री पोरं गावभर उच्छाद मांडायची. फाटकं उचलून नेणं, जनावरं मोकाट सोडणं, असले उद्योग चालायचे. मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२० साली यावर उपाय म्हणून मिरवणूकच काढली. १९३० नंतरच्या मंदीत खोड्यांचं रूपांतर नासधुशीत होऊ लागलं, तेव्हा ठिकठिकाणी घरांनी आणि संस्थांनी मुलांसाठी कार्यक्रम ठेवले. सजवलेली खोली, खेळ, खाऊ. जे हात दुसऱ्याचं फाटक उखडणार होते, त्यांत कात्री आणि खळ आली.

नंतर तयार छापील चित्रं आली, मग प्लॅस्टिक आलं. कंपन्यांची नावं इतिहासात राहिली. कंद पोखरणाऱ्या, कागद कापणाऱ्या आयांची नावं कुठेच नाहीत. पण भीतीचा खेळ केला तो त्यांनीच, घरात होतं नव्हतं त्यातून.

आपल्याकडेही दिवाळीचा मातीचा किल्ला आणि कामट्यांचा आकाशकंदील आता तयार मिळतो. यंदा कंदील करायला बसाल तेव्हा मुलांनाही कात्री द्या. कागद वाकडा कापला गेला तरी चालेल.