महाविद्यालयाचे माप आणि नापास विद्यार्थी

मुदखेडहून सकाळच्या गाडीने नांदेडला निघालो की डब्यात मासिक पास काढलेली कॉलेजची मुले भेटतात. हल्ली त्यांच्याही तोंडी 'नॅक'ची श्रेणी असते. ही मूल्यांकन परिषद १९९४ची. २०१६पासून केंद्राची एनआयआरएफ क्रमवारीही निघते. ठरल्या मुदतीत किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, हे त्या क्रमवारीतले एक माप आहे. ते वाचले की मला नरहर कुरुंदकर आठवतात.

कुरुंदकर (१९३२–१९८२) शिकायला हैदराबादला गेले, निजामाविरुद्धच्या लढ्यात ओढले गेले आणि इंटरला वारंवार नापास झाले. नांदेडला येऊन ते शाळामास्तर झाले. पदव्या त्यांनी नोकरी करता करता मिळवल्या. पुढे ते पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापक आणि अखेरीस प्राचार्य झाले. आजच्या मापाने हा विद्यार्थी म्हणजे संस्थेचे नुकसान!

पीपल्स कॉलेज निघाले १९५० साली, हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर दोनच वर्षांनी. त्याआधी इकडच्या मुलाला मॅट्रिकनंतर औरंगाबाद नाहीतर हैदराबाद गाठावे लागे, आणि उस्मानियात १९१८पासून शिक्षण उर्दूतून. मराठवाडा विद्यापीठ आले १९५८ला, नांदेडचे १९९४ला. मुलाला घरची भाकरी खाऊन पदवी घेता येऊ लागली, हे त्या कॉलेजचे पहिले यश. ते टक्केवारीत कसे बसवणार?

मोजमाप नकोच, असे मात्र मी म्हणणार नाही. समिती येणार म्हणून का होईना, ग्रंथालयातल्या कपाटांची कुलपे निघतात, हे मी पाहिले आहे.

मी स्वतः बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडले. वडील अंथरुणाला खिळले होते, शेत बघायला दुसरे कोणी नव्हते. माझ्यामुळे कॉलेजचा आकडा एकाने घटला. पण तिथल्या ग्रंथपालांनी नाव कमी झाल्यावरही मला वाचनकक्षात बसू दिले. जुनी कागदपत्रे वाचायची खोड तिथलीच.

सध्या मी एका महाविद्यालयातले जुने प्रवेश अर्ज चाळतो आहे. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात शेती, मजुरी, पुन्हा शेती. पालकाच्या सहीच्या जागी अंगठा आणि शेजारी विद्यार्थ्याची सही, असे अर्ज मी वेगळे काढतो. त्यांची वर्षवार मोजणी अजून चालू आहे.