मुलचेऱ्यातील बंगाली शेतकरीण

१९४७ च्या फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून भारतात येणाऱ्या हिंदू निर्वासितांची रीघ बरीच वर्षे थांबली नाही. त्यांपैकी काही कुटुंबांना तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात जमिनी देऊन वसवण्यात आले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि या पट्ट्यातील मुलचेरा, चामोर्शी हा भाग त्यात गेला. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही मुलचेरा तालुक्यातील बंगाली वस्तीची गावे.

या निर्वासितांतले बरेच जण नामशूद्र जातीचे, नद्या-खाड्यांच्या मुलखातले भातशेतकरी. भात इथेही होते, पण नदीकाठच्या गाळाऐवजी साग-बांबूच्या रानातील माती आणि पावसावर भरणाऱ्या बांध्या. रोवणीत बाईचे हात लागतच. घर, गुरे, परसातला भाजीपाला हेही तिच्याकडेच. मासळी चिरायची तिची ‘बोटी’ आपल्या पावशीची सख्खी बहीण: पाट पायाखाली दाबायचा, पाते उभे, आणि मासा दोन्ही हातांनी त्यावर सरकवायचा. हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, जोडीला ‘पोला’ ही लाल बांगडी. जुन्या साड्यांचे थर टाचून शिवलेली कांथा पाहिली की वाकळ आठवावी.

तिची सासू घरात बंगालीच बोले; नातवंडे शाळेत मराठी शिकली. जातीचा प्रश्न मात्र अडूनच राहिला. पश्चिम बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातींत मोडतात, महाराष्ट्राच्या यादीत ती जात नाही. त्यामुळे अनुसूचित जातीच्या दाखल्याची मागणी इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.