सोताह
ज्यू धर्मशास्त्रात, जिच्यावर पतीने व्यभिचाराचा संशय घेतला आहे, अशा विवाहित स्त्रीस योजिलेली हिब्रू संज्ञा. तिच्या दिव्याचा विधी बायबलच्या जुन्या करारातील ‘गणना’ या ग्रंथात (५·११–३१) वर्णिला आहे. याजक तिचे केस मोकळे करून तिला शपथ घालीत असे. शापवचने लिहून तो ती पाण्यात धुवून काढी आणि पवित्र स्थानाच्या भूमीवरील धूळ मिसळलेले ते पाणी तिला पाजी. दोषी असल्यास तिचे पोट फुगेल. निर्दोष असल्यास ती मुक्त होऊन गर्भवती होईल, असे वचन आहे.

या आशीर्वादाच्या प्रयोजनाविषयी धर्मपंडितांनी बराच ऊहापोह केला. हामुराबीच्या संहितेत केवळ पतीने आरोप केलेली स्त्री शपथ घेऊन घरी परते. तिला कोणतेही प्रतिफल नसे. सोताहची मानहानी मात्र चारचौघांत होई. म्हणून तिचे निर्दोषत्वही अपत्यरूपाने सर्वांस दिसावे, असा या वचनाचा आशय दिसतो.

तथापि मिश्नानुसार (सु. इ. स. २००) पतीने साक्षीदारांसमक्ष ताकीद दिल्यावरही परपुरुषासह एकांतात गेलेल्या स्त्रीसच हे दिव्य करावे लागे. तेव्हा तिला आशीर्वाद का, असा प्रश्न उद्‌भवला. तालमूदमध्ये एका मताप्रमाणे वंध्या असल्यास तिला अपत्य होईल. यावर, तसे असल्यास सर्वच वंध्या स्त्रिया मुद्दाम एकांतात जातील, असा आक्षेप घेण्यात आला; म्हणून पूर्वी कष्टाने प्रसूत होणारी आता सुखाने प्रसूत होईल, असा मर्यादित अर्थ लावण्यात आला. ही मते रब्बी अकिबा व रब्बी इश्माएल यांची. परंतु कोणाचे मत कोणते, याविषयी तालमूदमध्येच पाठभेद आहे. पतिपत्नींत सलोखा व्हावा म्हणून ईश्वराने शापवचनांतील आपले पवित्र नामही पाण्यात पुसू दिले, असेही तालमूद सांगते.

व्यभिचारी वाढल्यामुळे हा विधी बंद झाला व तो योहानान बेन झक्काई यांनी बंद केला, असे मिश्नात म्हटले आहे. इ. स. ७० मध्ये जेरूसलेमचे मंदिर नष्ट झाल्यावर तर तो अशक्यच झाला. परिणामी ताकीद मोडून एकांतात गेलेल्या निर्दोष स्त्रीस निर्दोषत्व सिद्ध करण्याचा मार्ग उरला नाही व ती पतीस कायमची निषिद्ध ठरू लागली. म्हणून पतीने अशी ताकीद देऊच नये, असे तालमूदने बजावले आहे.