गांजा आणि सहनशक्तीचे उपक्रम

भांगेच्या झाडापासून मिळणारे गांजा, भांग आणि चरस हे पदार्थ भारतात दीर्घकाळ चालणाऱ्या शारीरिक कष्टांशी, व्रतांशी आणि व्यायामाशी जोडले गेले आहेत. पालखी वाहणारे भोई, टपालाचे हरकारे, रात्रीची गस्त घालणारे जागले, कुस्तीगीर आणि वर्षानुवर्षे उभे राहण्याचे व्रत घेणारे साधू ही त्याची जुनी उदाहरणे होत. एकविसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकेत, गांजाच्या नावाने शर्यतीही भरू लागल्या. जुन्या वापरात थकवा, थंडी, वेदना किंवा कंटाळा सोसणे हा हेतू होता. वेग किंवा ताकद वाढविणे हा नव्हता. नव्या आव्हानांत मात्र हे दोन्ही हेतू अनेकदा एकच मानले जातात. भारतात गांजा व चरस बाळगणे आणि सेवन करणे हा दंडनीय गुन्हा आहे.

संज्ञा

या झाडाचे शास्त्रीय नाव कॅनाबिस सटायव्हा असे आहे. मादी झाडाचे राळयुक्त फुलोरे म्हणजे गांजा, झाडापासून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस आणि पाने वाटून केलेली ती भांग. नशा आणणारा मुख्य घटक टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, म्हणजेच टीएचसी, हा आहे. राळेत तो सर्वाधिक व पानांत सर्वात कमी असतो. कॅनाबिडायॉल (सीबीडी) हा याच झाडातील दुसरा घटक नशा आणत नाही. चिलमीतून ओढलेल्या गांजाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो, तर प्यालेल्या भांगेला अर्धा तास ते दोन तास लागतात. भांगेच्या बाबतीत होणारे बहुतेक घोटाळे या विलंबामुळे होतात. पहिल्या पेल्याने काही झाले नाही असे समजून दुसरा घेतला जातो आणि दोन्ही एकदम चढतात.

वऱ्हाड आणि १८९३ चा आयोग

आजचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यात वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके आहेत. जिल्हा म्हणून वाशिमची ही पहिली वेळ नव्हे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर वाशिम हा त्यातील एक जिल्हा होता व इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘बासिम’ असे लिहिले जाई. १९०५ मध्ये वऱ्हाडातील सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले, तेव्हा त्याचा मोठा भाग अकोल्यात विलीन झाला.

वाशिम स्वतंत्र जिल्हा असतानाच ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ हा आयोग नेमला गेला. गांजामुळे वेड लागते व गुन्हेगारी वाढते, अशी तक्रार ब्रिटिश संसदेत झाल्यामुळे भारत सरकारने जुलै १८९३ मध्ये डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली ही चौकशी सुरू केली. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले आणि १८९४ मध्ये अहवाल दिला. वऱ्हाडातील साक्षी मुंबई, सिंध आदी प्रांतांच्या साक्षींबरोबर सातव्या खंडात छापल्या आहेत.

आयोगाने साक्षीदारांना ७० प्रश्नांची यादी दिली होती. कठीण परिश्रमात किंवा ऊन, थंडी, पाऊस सोसताना टिकून राहण्यासाठी, तसेच थकवा घालविण्यासाठी या पदार्थांचा उपयोग होतो का, असे ४१ व्या प्रश्नाच्या एका पोटभागात विचारले होते. आलेल्या उत्तरांवरून आयोगाने दोन गट पाडले. क्वचित येणाऱ्या अतिकष्टाच्या वेळी सेवन करणारे, हा पहिला गट. त्यात कसरतपटू, कुस्तीगीर, वादक, पालखीचे भोई, हमाल, पाणबुडे आणि टपालाचे हरकारे यांची नावे आहेत. दुसरा गट उघड्यावर राहावे लागणाऱ्यांचा: कोळी, नावाडी, तलावांत शिंगाडा लावणारे, धोबी, रात्रीचे पहारेकरी, भिक्षेकरी आणि यात्रेकरू. शिंगाड्याचे पीक घेणाऱ्यांना छातीभर गार पाण्यात तासन्‌तास उभे राहावे लागते, हे विदर्भातील तलावांशी परिचित असलेल्यांना सांगावयास नको.

ही यादी वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ती सवयींची व समजुतींची नोंद आहे, प्रयोगांची नव्हे. गांजा ओढलेला हरकारा न ओढलेल्यापेक्षा आधी पोहोचला किंवा कसे, याचे मोजमाप कोणी केले नव्हते. मर्यादित सेवनाने शरीरास सहसा लक्षणीय हानी होत नाही, अतिसेवनाने होते, आणि संपूर्ण बंदीऐवजी कर व परवान्यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असा आयोगाचा निष्कर्ष होता. मध्य प्रांतातील लागवड त्या काळी निमाडमध्ये, खांडव्याच्या आसपास, सरकारी देखरेखीखाली होत असे.

साधूंची व्रते

सहनशक्तीची सर्वात टोकाची भारतीय रूपे साधूंच्या हठव्रतांत आढळतात. ‘खडेश्वरी’ साधू ठरावीक काळ, बहुधा बारा वर्षे, न बसण्याचा व न झोपण्याचा संकल्प करतात. टांगलेल्या झोपाळ्यासारख्या आधारावर छाती टेकवून ते उभ्यानेच डुलकी घेतात. ‘ऊर्ध्वबाहू’ एक किंवा दोन्ही हात सतत वर धरतात. अमर भारती या साधूंनी १९७३ पासून उजवा हात वर धरला असल्याचे जगभरच्या वृत्तपत्रांत छापून आले. उभ्या व्रतात पाय सुजतात व जखमा चिघळतात. ऊर्ध्वबाहूंच्या हाताचे स्नायू झिजून सांधा कायमचा आखडतो.

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थ कुंभमेळ्यात असे साधू दिसतात. शैव साधूंपैकी अनेक जण चिलीम शिवाला अर्पण करून ओढतात. वेदना व कंटाळा सोसण्यास तिचा आधार होतो असे समजले जाते, परंतु व्रताच्या नियमांत तिला स्थान नाही. चिलीम न ओढता हीच व्रते पाळणारे साधूही आहेत, त्यामुळे गांजा हा तपाचा आवश्यक भाग ठरत नाही.

वऱ्हाडातील चिलमीचा सर्वपरिचित उल्लेख शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रात येतो. दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजाननविजय’ या ग्रंथात काशीहून आलेल्या एका गोसाव्याने गांजाचा नवस फेडल्याचा प्रसंग आहे. महाराजांना त्याचे व्यसन नव्हते, हेही ग्रंथकार आवर्जून नोंदवितो. याच शेगावाहून आषाढी वारीसाठी निघणारी पालखी अकोला व पातूरमार्गे वाशिम जिल्ह्यात येते आणि मेडशी, शिरपूर जैन, रिसोड असा प्रवास करून सेनगावकडे जाते. पंढरपूरपर्यंतचे अंतर सुमारे ७०० किलोमीटर असून ते महिन्याभरात पायी कापले जाते. तुळशीची माळ घातलेल्या वारकऱ्यास मद्य, मांस व अमली पदार्थ वर्ज्य असतात. जिल्ह्यातून दरवर्षी जाणारी सहनशक्तीची ही सर्वात मोठी सामूहिक पदयात्रा अशा रीतीने निर्व्यसनी परंपरेतील आहे, आणि गांजाशिवाय दीर्घ कष्ट सोसता येत नाहीत या समजुतीला तिच्याइतके ठळक उत्तर दुसरे नसावे.

आखाडे आणि निहंग

उत्तर भारतातील, विशेषतः बनारसच्या, आखाड्यांत व्यायामानंतर भांग घातलेली थंडाई पिण्याची चाल होती. भूक वाढते, झोप चांगली लागते आणि तेच ते जोर-बैठकांचे आवर्तन कंटाळवाणे वाटत नाही, अशी कारणे दिली जात. महाराष्ट्रातील तालमींत, विशेषतः कोल्हापुरात, थंडाई म्हणजे प्रामुख्याने बदाम व खसखस वाटून दुधात कालविलेला खुराक. नाव एक असले तरी हे दोन पदार्थ वेगळे आहेत.

शीख निहंगांमध्ये भांगेचे पेय ‘सुखा’ किंवा ‘शहीदी देग’ या नावाने ओळखले जाते. युद्धातील श्रम व जखमांच्या वेदना यांच्याशी परंपरा त्याचा संबंध जोडते. २००१ मध्ये अकाल तख्ताने त्यावर बंदी घातली. बुढ्ढा दलाचे तत्कालीन प्रमुख बाबा संता सिंग यांनी ती मानली नाही.

आधुनिक शर्यती

चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीपूर्वी एक बिअर असे स्वरूप असलेल्या ‘बिअर माइल’ने मादक पदार्थ व धावणे यांची सांगड गंमत म्हणून घातली. गांजाच्या बाबतीत सर्वाधिक नाव झाले ते २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जिम मॅकअल्पाइन यांनी सुरू केलेल्या ‘४२० गेम्स’चे. ४२० हा आकडा अमेरिकेत गांजाचा सांकेतिक शब्द असल्याने शर्यतीचे अंतर ४.२० मैल, म्हणजे पावणेसात किलोमीटर, ठेवले गेले. गांजा ओढणारा माणूस आळशीच असतो हा समज खोडून काढणे, हा संयोजकांचा जाहीर हेतू होता.

शंभर मैलांसारख्या अतिदीर्घ शर्यतींच्या वर्तुळात हा विषय अधिक गांभीर्याने चर्चिला गेला. अमेरिकी धावपटू अव्हेरी कॉलिन्स यांनी आपण सरावात गांजा वापरतो, शर्यतीत नाही, असे उघडपणे सांगितले. अशा शर्यतींत मळमळ, स्नायूंच्या वेदना आणि एकसुरीपणा हेच खरे शत्रू असतात. म्हणजे समर्थकांचा युक्तिवाद नकळत १८९४ च्या अहवालातील हरकाऱ्यांपाशीच येऊन पोहोचतो.

शरीरावरील परिणाम

टीएचसीमुळे नाडीचे ठोके वाढतात. परिणामी धावपटू कमाल हृदयगतीपर्यंत लवकर पोहोचतो आणि कष्ट करण्याची मर्यादाही लवकर येते. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेनो व कॉर्मिए यांच्या प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींनी गांजा ओढल्यानंतर स्थिर सायकलवर कमाल श्रम केले. न ओढता ते सुमारे १६ मिनिटे टिकले होते. ओढल्यावर हा काळ साधारण एका मिनिटाने घटला.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०२३ अखेर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आधीपासूनच गांजा घेऊन धावणाऱ्या ४२ जणांना धावपट्टीच्या यंत्रावर ३० मिनिटे पळविण्यात आले. गांजा घेतल्यावर धावणे अधिक आनंददायक वाटले, परंतु टीएचसीचे प्रमाण जास्त असलेल्या प्रकारात तेच धावणे अधिक कष्टाचेही वाटले. मजा वाढते, दम वाढत नाही, असे या निष्कर्षाचे साध्या शब्दांत वर्णन करता येईल.

दीर्घ धावण्यानंतर येणारी प्रसन्नता शरीरातच तयार होणाऱ्या अशाच द्रव्यांमुळे येत असावी, असे २००३ नंतरच्या संशोधनातून पुढे आले. पूर्वी तिचे श्रेय एंडॉर्फिनला दिले जाई. मेंदूच्या ज्या ग्राहकांवर टीएचसी काम करते त्यांच्यावरच काम करणारे शरीरातील द्रव्य १९९२ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडले होते. ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून त्याला ‘आनंदामाइड’ असे नाव देण्यात आले.

धोके मुख्यतः हृदयाशी संबंधित आहेत. २००१ मध्ये मिटलमन व सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यात गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याची शक्यता एरवीच्या ४.८ पट आढळली. वेदनेची जाणीव बोथट होते तेव्हा थांबण्याची सूचनाही उशिरा मिळते. उन्हाळ्यात वाशिम व आसपासचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा हवेत तहान, चक्कर वा ग्लानी यांकडे दुर्लक्ष होणे उष्माघाताला निमंत्रण ठरते. पैज लावून प्रमाण वाढवीत नेणे किंवा गांजासोबत मद्य घेणे यांमुळे तोल जाणे, उलट्या, घबराट आणि भ्रम असे त्रास उद्भवतात.

स्पर्धांचे नियम

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने (वाडा) गांजाजन्य पदार्थांवर स्पर्धाकाळात बंदी घातली आहे. २०१३ मध्ये मूत्रातील मर्यादा प्रति मिलिलिटर १५ नॅनोग्रॅमवरून १५० नॅनोग्रॅम करण्यात आली. २०१८ पासून सीबीडी यादीतून वगळले गेले. टीएचसी काही आठवडे शरीरात राहू शकते, त्यामुळे सरावातील सेवन स्पर्धेच्या चाचणीत उघड होण्याचा धोका असतो. नागानो येथील १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा स्नोबोर्डपटू रॉस रेबाग्लियाती याचे सुवर्णपदक गांजामुळे काढून घेण्यात आले. त्या वेळच्या नियमांत गांजाबंदीची स्पष्ट तरतूद नसल्याने ते परत मिळाले. २०२१ मध्ये अमेरिकेची धावपटू शकारी रिचर्डसन हिला एक महिन्याच्या निलंबनामुळे टोकियो ऑलिंपिकमधील १०० मीटर शर्यत गमवावी लागली. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञांच्या फेरविचारानंतरही ‘वाडा’ने २०२२ मध्ये बंदी कायम ठेवली. भारतात हे नियम राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था (नाडा) राबविते व त्यास २०२२ च्या कायद्याचा आधार आहे.

भारतातील कायदा

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने (एनडीपीएस) गांजा व चरस यांवर बंदी आणली. फुलोऱ्यासोबत नसलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, त्यामुळे भांगेचे नियमन राज्यांकडे राहिले. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ चा दारूबंदी कायदा लागू होतो, आणि उत्तरेकडील काही राज्यांत दिसणारी भांगेची परवानाधारक दुकाने पाहून येथे अनुमान काढणे चुकीचे ठरते. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ समजला जातो व तो बाळगल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. २० किलोपेक्षा अधिक गांजा ‘व्यापारी प्रमाणा’त मोडतो आणि त्यास किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. केवळ सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहेत. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस कलम ६४-अ नुसार खटल्यापासून सूट मिळू शकते.

वाशिमसारख्या जिल्ह्यांत तरुणांच्या दमाची प्रत्यक्ष परीक्षा होते ती पोलीस भरतीच्या मैदानावर, पुरुषांच्या १६०० मीटर आणि महिलांच्या ८०० मीटर धावण्यात. निवडीनंतर उमेदवाराची चारित्र्य पडताळणी होते आणि तेथे दाखल गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. अल्प प्रमाणातील गांजाचा गुन्हाही त्यातून सुटत नाही.