विहिरीचा पंप आणि विमानाचा पंप

विमान म्हटले म्हणजे वैमानिक आठवतो. त्याच्या इंजिनाला पेट्रोल पाजणारा पंप कोणालाच आठवत नाही. आमचा आजचा विषय मात्र तोच आहे. हिंगोली जिल्ह्यातील श्रोत्यांना पंपाची ओळख करून देणे नको. काठावरचा पंप सुमारे २५ फुटांहून खोल पाणी ओढू शकत नाही, म्हणून शेतकऱ्याने विहिरीत कट्टा बांधून इंजिन खाली उतरविले आणि पुढे पाण्यातच पाणबुडी मोटार सोडली. पंप ढकलण्यात बळकट व ओढण्यात दुबळा असतो. विमानाच्या पंपाचा इतिहासही याच वळणाने गेला आहे.

१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले, त्यात पेट्रोलचा पंप नव्हताच. पंखांमधील खांबाला उंचावर लहानशी टाकी बांधली होती. तेथून पेट्रोल आपल्याच वजनाने इंजिनात उतरे. सुमारे १२ अश्वशक्तीचे ते इंजिन बंधूंच्या सायकलच्या दुकानातील कारागीर चार्ल्स टेलर यांनी सुमारे ६ आठवड्यांत घडविले. त्या दिवशीचे सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचे होते. तेवढ्याला उताराचे पेट्रोल पुरले.

पुढे टाक्या मोठ्या झाल्या, कित्येक विमानांत त्या इंजिनाच्या खाली गेल्या, आणि पेट्रोल वर चढविणे भाग पडले. इंजिनाच्याच गतीवर चालणारा पंप आला. पण तो ओढणारा होता. पेट्रोल पाण्यासारखे निमूट नसते. नळी तापली, ओढ बसली, उंचावर हवेचा दाब घटला की त्याची नळीतच वाफ होते. पंप वाफच घोटीत बसतो आणि इंजिन उपाशी राहते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने फार उंच जाऊ लागली, तेव्हा टाकीतच विजेचे पंप बसविण्यात आले. ही आपल्या पाणबुडी मोटारीचीच युक्ती होय.

घरी विमान बांधणाराला हा इतिहास स्वतःच्या हातांनी पुन्हा चालावा लागतो. कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसविले की जुना पंप पुरत नाही. पहिल्याला चौरस इंचास ४-५ पौंड दाब पुरे. दुसऱ्याला २०-३० पौंड, कधी अधिकही लागतो. मग नळ्या, जोड, गाळणी, तारा सारेच तपासावे लागते. शेवटी विमानाचे नाक चढणीच्या कोनात उचलतात, इंजिनाकडील नळी सोडवून पेट्रोल मापाच्या डब्यात घेतात व घड्याळ लावून मोजतात. पूर्ण जोरावर इंजिन जेवढे पिते त्याच्या सव्वापट पंपाने दिले पाहिजे. नुसत्या उताराचे असेल तर दीडपट.

वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते लोकांनी प्रदर्शनात पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर उड्डाणाची चाचणी झाली. परवान्यांच्या दिरंगाईविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले गेले, ते रास्तच होते. परंतु दिरंगाई आणि तपासणी या दोन गोष्टी एक नव्हेत. कागद टेबलावर पडून राहतो ती दिरंगाई. डबा धरून पेट्रोल मोजले जाते ती तपासणी. पहिलीचा राग दुसरीवर काढला, तर त्याची किंमत माणसाच्या जिवाने द्यावी लागते.

आम्ही कामगार चळवळीत हयात घालविली. ‘हे यंत्र आज चालू करता येणार नाही’ असे सांगणारा फिटर कामचुकार ठरविला गेलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. चार्ल्स टेलर १९५६ साली वारले. त्यांचा जन्मदिवस, २४ मे, अमेरिकेत आता विमान-दुरुस्ती कारागिरांचा दिवस म्हणून पाळतात. हा सन्मान योग्यच आहे. पण कारागिराचा खरा सन्मान याहून साधा असतो. डब्यात पेट्रोल कमी भरले आणि त्याने मान हलविली, तर मालक कोणीही असो, विमान त्या दिवशी जमिनीवरच राहिले पाहिजे.