सर्पगंधा: ‘पागल की दवा’ ते बीपीची गोळी

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही, किंवा ऐन वेळी लोकलमध्ये रेंज गेली, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.

तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतो. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, सारखं टेन्शन असतं. गोळ्या घ्यायची भीती वाटते, मग जडीबुटी घेऊ का? नैसर्गिकच असते ना, तिचा काय त्रास होणार?

मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. त्यामुळे काय घ्यावं, काय घेऊ नये, हे मी सांगणार नाही. पण या प्रश्नाला एक जबरदस्त इतिहास आहे आणि तो आपल्या मुंबईतून जातो. शरीर आणि मन, दोन्हींवर काम करणाऱ्या एका मुळाची ही गोष्ट. नाव सर्पगंधा.

झुडूप कसलं, नाव कुठलं

आधी एक गोंधळ मिटवू. सर्पगंधा आणि अश्वगंधा या दोन वेगळ्या वनस्पती आहेत. अश्वगंधा वांगं-टोमॅटोच्या कुळातली. सर्पगंधा कण्हेर, तगर, सदाफुली यांच्या कुळातली. झुडूप लहानसं, फार तर कमरेपर्यंत. पानं बहुतेकदा तीन-तीनच्या वेढ्यात, फुलं पांढरी, त्यांचे देठ लालसर, फळं पिकली की काळसर जांभळी. औषध असतं ते मुळात, आणि ते मूळ चांगलंच कडू.

शास्त्रीय नाव ‘राऊवोल्फिया सर्पेंटिना’. त्यातला राऊवोल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मन वैद्य. वनस्पती शोधत तो मध्यपूर्वेपर्यंत हिंडला, पण भारतात कधी आलाच नाही. त्याच्या स्मरणार्थ एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. म्हणजे आपल्या जंगलातल्या झुडपाला अशा माणसाचं नाव मिळालं, ज्याने ते झुडूप पाहिलंही नव्हतं. इथल्या ज्या लोकांना ते शेकडो वर्षं माहीत होतं, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा.

साप, मुंगूस आणि बिहारची झोप

लोकांना काय माहीत होतं? एक कथा देशभर सांगितली जायची: मुंगूस सापाशी भिडण्याआधी हे मूळ खातं, म्हणून त्याला विष चढत नाही. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या पुस्तकातही सर्पदंशावरच्या मुळ्यांची आणि मुंगसाची चर्चा येते.

इथे थांबून स्पष्ट सांगतो. सर्पगंधा सापाच्या विषावर उतारा नाही. मग लोकांना गुण का वाटला असेल? माझा अंदाज असा: बरेच साप बिनविषारी असतात, विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही, आणि घाबरून अर्धमेला झालेला माणूस या मुळाने शांत होत असणार. मुंगसाचं कारण तर वेगळंच आहे. त्याचं शरीरच नागाच्या विषाला बरंच दाद देत नाही. आज साप चावला तर एकच करायचं, थेट दवाखाना आणि प्रतिसर्पविष.

दुसरा उपयोग मात्र खरा निघाला. बिहारमध्ये या मुळाला ‘पागल की दवा’ म्हणत. ज्याला झोप नाही, जो सैरभैर झालाय, हिंसक झालाय, त्याला हे मूळ देत. नाव ऐकायला आज खटकतं, पण त्यामागचं निरीक्षण पक्कं होतं.

१९३१: दोन शहरं, दोन वाटा

आता येऊ १९३१ सालाकडे. त्या एका वर्षात या मुळाबद्दल दोन महत्त्वाची कामं छापून आली.

पहिलं कलकत्त्यातलं. गणनाथ सेन हे नावाजलेले कविराज, म्हणजे आयुर्वेदाचे वैद्य, आणि आधुनिक वैद्यकही शिकलेले. त्यांनी डॉ. कार्तिकचंद्र बोस यांच्याबरोबर एक लेख लिहिला. वेडावर आणि उच्च रक्तदाबावर एक नवं भारतीय औषध, असं त्याचं शीर्षकच सांगत होतं. मुळाची पूड दिल्यावर रुग्ण शांत होतात, त्यांना झोप लागते आणि रक्तदाबही उतरतो, असं त्यांनी नोंदवलं. मन आणि शरीर एकाच ओळीत!

दुसरं दिल्लीतलं. हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या तिबिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. युनानीत चालत आलेल्या औषधांमध्ये नेमकं काय असतं, ते आधुनिक प्रयोगशाळेत तपासायचं, ही हकीमसाहेबांची इच्छा. ते १९२७ साली गेले. सिद्दिकींनी सर्पगंधेतून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीमसाहेबांच्या आठवणीत त्याला नाव दिलं अजमलीन. हृदयाच्या ठोक्यांची एक विशिष्ट तक्रार ओळखण्यासाठी आजही हे अजमलीन वापरतात. फाळणीनंतर सिद्दिकी पाकिस्तानात गेले आणि तिथल्या विज्ञान संशोधनाचा पाया त्यांनी घातला.

मला या दोन्ही गोष्टींत एक आवडतं. या माणसांनी परंपरेची टिंगल केली नाही आणि डोळे मिटून तिची आरतीही ओवाळली नाही. त्यांनी मूळ घेतलं आणि तपासलं.

मुंबईचा डॉक्टर आणि ५० रुग्ण

त्या काळी उच्च रक्तदाब म्हणजे काय प्रकरण होतं, याची आज कल्पना येत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० मोजला गेला होता! जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या डॉक्टरांकडे धड औषध नव्हतं. मीठ तोडायचं, विश्रांती घ्यायची, फारच झालं तर मज्जातंतू कापायची मोठी शस्त्रक्रिया.

आणि इकडे भारतात सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या मिळत होत्या.

मुंबईत केईएम रुग्णालयात काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील या गोळ्या रुग्णांना देत होते. पण ‘माझ्या रुग्णांना गुण येतो’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी ५० रुग्णांवर शिस्तीत अभ्यास केला, रक्तदाबाचे आकडे लिहिले, दुष्परिणाम लिहिले, आणि १९४९ साली तो लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला.

तो लेख बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला. त्यांनी भारतातून औषध मिळवलं. रक्तदाब हळूहळू, काही दिवसांनी उतरायचा. पण विल्किन्सना आणखी एक गोष्ट दिसली: रुग्ण निवांत व्हायचे. गुंगी आल्यासारखे नाही, तर डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखे.

१९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रिझर्पिन. मग न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड इथल्या मोठ्या मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी सर्पगंधा आणि रिझर्पिन वापरून १९५४ साली निष्कर्ष मांडले. तिथला एक किस्सा सांगितला जातो. वॉर्डातल्या फुटलेल्या काचा बदलणाऱ्या कारागिराला प्रश्न पडला, की हल्ली काचा फुटायच्या कमी कशा झाल्या? मानसिक आजाराच्या रुग्णांना साखळ्या आणि बंद खोल्यांशिवाय काही देता येऊ शकतं, ही आशा त्या वर्षांत जागी झाली. तिच्या मागे जी एक-दोन औषधं होती, त्यांतलं एक आपल्या मुळातून आलं होतं.

१९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार जाहीर झाला. मानकऱ्यांत क्लाइन होते, आणि मुंबईचे डॉ. वकीलही होते.

आणि मग उलटी बाजू

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करायला एकदम योग्य. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

१९५४ सालापासूनच रिझर्पिनबद्दल काळजीची पत्रं आणि लेख येऊ लागले. बीपीसाठी मोठ्या मात्रेत, बराच काळ औषध घेणारे काही रुग्ण खिन्न होत होते. कशात रस नाही, सकाळी उठवत नाही, आणि काहींच्या मनात जीव द्यायचे विचार. ज्या औषधाने मन शांत होतं, त्याच औषधाने मन विझत होतं.

असं का? सोपं करून सांगतो. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी बारीक बारीक पिशव्या असतात. त्यांत सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनलिन असे रासायनिक निरोपे भरून ठेवलेले असतात. रिझर्पिन या पिशव्या भरण्याचं कामच अडवतं, आणि साठा हळूहळू रिकामा होतो. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या तंतूंचा साठा कमी झाला, की रक्तदाब उतरतो. मेंदूतला साठा कमी झाला, की खवळलेलं मन निवतं. आणि तोच साठा फार कमी झाला तर? माणूस मंदावतो, त्याचे हातपाय जड होतात, काहींचं मनही खचतं.

म्हणजे गुण एका कामामुळे आणि दोष दुसऱ्याच कामामुळे, असं इथे नव्हतंच. दोन्ही एकाच कामाची फळं. फरक मात्रेचा, काळाचा आणि घेणाऱ्या माणसाचा.

हे चित्र एकरंगी नाही, हेही सांगायला हवं. १९५५ साली लंडनमध्ये चिंता आणि नैराश्य असलेल्या रुग्णांवर पद्धतशीर चाचणी झाली, तेव्हा रिझर्पिनचा फायदा दिसला होता. लहान मात्रेत खिन्नतेचा धोका नेमका किती, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण ज्याला आधीच नैराश्याचा त्रास आहे त्याला हे औषध देऊ नये, हा इशारा तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत आहे.

आणि या दोषातूनच ज्ञानाचं मोठं दार उघडलं. रिझर्पिन दिल्यावर मेंदूतलं सेरोटोनिन घटतं, हे अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५५ साली दाखवलं. मन आणि मेंदूतली रसायनं यांचा संबंध तपासायला त्यामुळे धागा मिळाला. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रिझर्पिन दिलं, ससे जागच्या जागी थिजले. मग त्यांना एल-डोपा दिलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. त्यातून डोपामिनचं महत्त्व कळलं आणि पुढे कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सन्सचा, इलाज सापडला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं.

जंगलाने काय भरलं

आणखी एक हिशोब राहिला. औषध मुळात आहे, म्हणजे ते काढायला झुडूप उपटावंच लागतं. जगभरातून मागणी आली तशी जंगलं पिंजून निघाली. आज सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कराराने निर्बंध आहेत. ज्या जंगलातल्या लोकांनी हे मूळ ओळखलं, त्यांच्या वाट्याला पुरस्कार आला नाही, पण झुडूप दुर्मीळ झालेलं बघणं मात्र आलं.

मग आपण काय घ्यायचं?

मूळ नव्हे, या गोष्टीतून काय घ्यायचं, असं विचारतोय मी!

मला दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतात, ‘जडीबुटी म्हणजे सगळी थापेबाजी.’ त्यांना सर्पगंधेचा इतिहास सांगा. कविराज, हकीम आणि बिहारच्या खेड्यातली माणसं बरोबर होती. दुसरे म्हणतात, ‘नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही.’ त्यांनाही हाच इतिहास सांगा. ज्या मुळात ३००/१९० च्या जगात बीपी उतरवायची ताकद होती, त्याच मुळात चांगल्या माणसाला खिन्न करायचीही ताकद होती. जे काहीच बिघडवू शकत नाही, ते बहुधा काही दुरुस्तही करत नाही.

जडीबुटीचा खरा मान ठेवायचा असेल तर तिला औषध समजा. आणि औषध म्हटलं की प्रश्न आलेच: मात्रा किती, किती दिवस, सोबत दुसरं काय चालू आहे, आणि बघणारं कुणी आहे का? रीलमध्ये पाहून मागवलेल्या पुडीवर या प्रश्नांची उत्तरं नसतात. त्यामुळे एवढं नक्की करा. काढा, चूर्ण, गोळी, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. ‘ते तर घरगुतीच आहे’ म्हणून लपवू नका. चालू असलेली बीपीची किंवा मानसिक आजाराची गोळी मनाने बंद करू नका. आणि मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर पुडी शोधत बसू नका; त्याच दिवशी घरच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगा. ‘टेली मानस’ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

घरात कुणी बीपीची गोळी घेत असेल, तर त्यांना डॉ. वकिलांची गोष्ट नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि झोप पूर्ण करा!