साफसफाई करणाऱ्या पेशी

जेवून उठलेल्या आजीने पुन्हा ताट मागितलं, तर पूर्वी गावांत त्याला ‘म्हातारचळ’ म्हणत. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटलं की विषय संपे.

रोग म्हणून या विसरण्याची पहिली नोंद झाली ती मात्र साठी न गाठलेल्या बाईची. आउगुस्टे डेटर १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली, तेव्हा ५१ वर्षांची होती. १९०६ मध्ये ती गेल्यावर आलोइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. चेतापेशींत धाग्यांची गुंतवळ होती आणि पेशींबाहेर कसलेसे साठे.

मेंदूची राखण करणाऱ्या पेशींची ओळख पटली १९१९ साली. माद्रिदच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीचा क्षार वापरून त्यांना रंगवलं आणि ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिलं. इजा झालेल्या जागी धावून जाणाऱ्या, मेलेल्या पेशी गिळणाऱ्या या पेशी. एवढा मोठा शोध लावणाऱ्या या माणसाला वर्षभरातच काहाल या थोर शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे यादवी युद्धाने देशही सुटला. १९४५ साली ते ब्युनोस आयर्सला वारले.

साठ्यांतलं प्रथिन, अमायलॉइड-बीटा, १९८४ मध्ये वेगळं काढता आलं. मायक्रोग्लिया ते गिळतात हेही दिसलं. मग साठे पसरतात कसे?

याचं एक उत्तर २०१७ साली जर्मनीतल्या बॉनहून आलं. दाह भडकला की मायक्रोग्लिया ‘एएससी’ या प्रथिनाचे कण बाहेर टाकतात. अमायलॉइड त्या कणांना चिकटतं आणि दह्याला विरजण लागावं तसा नवा साठा धरू लागतो. २०२१ साली फ्रायबुर्गच्या प्रयोगाने त्याहून मोठा धक्का दिला. अमायलॉइड साचणाऱ्या उंदरांच्या मेंदूत निरोगी चेतापेशींचं कलम लावलं, तर त्या कलमातही साठे उगवले. आजूबाजूचे मायक्रोग्लिया आत शिरताना सोबत अमायलॉइड घेऊन गेले होते. या पेशी दुबळ्या केल्यावर कलमातले साठे घटले.

तरी त्यांना गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं होईल. मायक्रोग्लियाच्या कामाला लागणाऱ्या ‘ट्रेम-२’ जनुकात ते काम बिघडवणाऱ्या एका दुर्मीळ बदलाने अल्झायमर रोगाचा धोका सुमारे तिप्पट होतो, हे २०१२ सालीच कळलं होतं. त्यामुळे त्यांना सरसकट गप्प करणारं औषध उपयोगाचं नाही. त्यांनी गिळावं, पचवावं, पण वाटेत सांडू नये, असं काही हवं आहे.